पुढच्या आठवड्यापासून नक्की

यार्मो केत्तुनेनला खोटं बोलता येत नव्हतं. आता याचा अर्थ तो फार मोठा तत्त्वाचा माणूस होता असं नाही हो. एखाद्याला शीळ घालता येत नाही, एखाद्याला पोहता येत नाही, तसं त्याला ते जमत नव्हतं. लहानपणी कुणी शिकवलंच नव्हतं.

तो मूळचा फिनलंडचा, तिथल्या पूर्वेकडच्या तळ्यांच्या मुलखातला. बाप बस चालवायचा, आई बेकरीत पाव भाजायची. हिवाळ्यात तळं गोठलं की गावातली झाडून सगळी पोरं हॉकीच्या काठ्या घेऊन बर्फावर धावायची. यार्मो मात्र एका कोपऱ्यात जाऊन एकटाच गिरक्या घेत बसायचा. पोरं लांबून ओरडायची, "यार्मो, फ्रॉक घरी विसरलास का रे?" तो त्यावर विचार करायचा आणि खरं उत्तर द्यायचा, "माझ्याकडे फ्रॉक नाही." पोरं हसून बर्फावर लोळायची. ती का हसली ते याला कळायचं नाही.

त्या गावात साल्मीबाई नावाची एक म्हातारी राहायला आली होती. राजधानीत जन्मभर स्केटिंग शिकवून थकलेली. तिनं एकदा तळ्याकाठी थांबून या पोराला पाहिलं आणि म्हणाली, "मंगळवारी ये. एक उडी दाखवते." मंगळवार उजाडला तो अशा थंडीचा, की शाळेला सुट्टी पडली, बापाची बस सुरू होईना आणि चिमण्या झाडाखाली दगडासारख्या पडलेल्या. बाप म्हणाला, "आज तिथे कुत्रंसुद्धा यायचं नाही." यार्मो म्हणाला, "पण ती म्हणाली होती." गेला. म्हातारी तळ्याच्या मधोमध उभी होती, पापण्या पांढऱ्या झालेल्या. म्हणाली, "उशीर केलास." एवढंच. मग उडी दाखवली.

यार्मोकडे जन्मात सांगण्याजोग्या गोष्टी दोन-तीनच होत्या, त्यातली ही पहिली. यात विशेष काय, असं कुणी विचारलं की तो गोंधळायचा. विशेष काही नाहीच ना. ती येते म्हणाली होती, ती आली. तो येतो म्हणाला होता, तो गेला.

दुसरी गोष्ट त्याच्या पहिल्या पदकाची. तेव्हा फिनलंडमध्ये पुरुषांच्या फिगर स्केटिंगला माणसं मिळायची मारामार. सगळे हॉकीत. राष्ट्रीय स्पर्धेत उभं राहायला तीन पायऱ्या आणि स्पर्धकही तीन. यार्मोनं घरी फोन केला. "आई, मी तिसरा आलो." आई आनंदानं रडायला लागली. मग डोळे पुसत सहज म्हणाली, "किती जणांत रे?" दुसरा कुणी असता तर लाइन खराब आहे म्हणाला असता. हा म्हणाला, "तिघांत."

पुढे मात्र तो खरोखर पहिला आला, एकदा नव्हे, दोनदा. युरोपच्या स्पर्धेला गेला, तिथे पहिल्याच मोठ्या उडीत असा आपटला की कंबरेत काहीतरी कायमचं हललं. तरी उठून शेवटपर्यंत स्केटिंग केलं. खाली उतरल्यावर त्याला धरायला कुणी नव्हतं. त्याच्या कोचला दुसऱ्या मुलाकडे जावं लागलं होतं. बाकावर एकटाच बसून त्यानं आपले गुण ऐकले. त्या बाकाबद्दल तो कधी बोलत नसे. पण पुढे त्याच्याकडे शिकणारी मुलं बर्फावरून उतरायची तेव्हा तो आधीच दाराशी, हात पुढे करून उभा असायचा. ताप असो, पाऊस असो.

मग कंबर गेली, स्पर्धा संपल्या, आणि तो पोटापाण्यासाठी बर्फावरच्या नाचाच्या एका कंपनीबरोबर इंग्लंडला आला. समुद्रकाठच्या गावांत उन्हाळाभर खेळ व्हायचे. याला अस्वलाचं काम. तिकीटखिडकीवर लिंडा नावाची मुलगी बसायची. ती एकदा मागे आली आणि म्हणाली, "या अस्वलाच्या आत कोण आहे ते बघायचंय." यार्मोनं डोकं काढलं. घामानं भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले. "मी आहे," तो म्हणाला. लिंडा पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगायची, की इतका साधा जवाब देणारा पुरुष मला इंग्लंडात भेटला नव्हता, म्हणून लग्न केलं. लिंडाची आई रीडिंगला होती, म्हणून दोघं रीडिंगच्या बाजूला आले. तिथल्या रिंकवर तो शिकवायला लागला. मूलबाळ झालं नाही. आणि काही वर्षांपूर्वी लिंडा गेली. तिच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यानं तिला जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि तिनं त्याचा हात धरून म्हटलं होतं, "थँक यू, डार्लिंग. बाकी सगळे हवापाण्याच्या गप्पा मारतात."

तर असा हा माणूस, आणि त्याच्याकडे एका शनिवारी ऋजुता आली.

ऋजुता म्हणजे विक्रांत आणि निवेदिताची मुलगी. विक्रांत नागपूरचा, रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत. निवेदिता पुण्याची, तीही तिथेच कुठे बँकेच्या ऑफिसात. पोरीला कुणाच्या तरी वाढदिवसाला रिंकवर नेलं होतं, आणि इतर मुलं प्लॅस्टिकच्या पेंग्विनला धरून चालत होती तेव्हा ही पेंग्विन सोडून पळाली. पडली, उठली, पुन्हा पळाली. यार्मोनं कठड्यापाशी येऊन विचारलं, "हिला उद्या आणाल?" विक्रांत म्हणाला, "उद्या जरा पाहुणे आहेत, बघतो." यार्मोनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर थांबला. ते गेले तिसऱ्या दिवशी, आणि त्यांना वाटलं आपण फार लवकर आलो.

खरं तर तिथेच कळायला हवं होतं. कुणालाच कळलं नाही.

सहा वर्षं ऋजुता त्याच्याकडे शिकली. पहाटे शाळेच्या आधी रिंक रिकामी असते, तेव्हा कोच लोक बर्फाची वेळ राखून ठेवतात. त्याला तिथे पॅच म्हणतात. ती पॅच यार्मो आणि ऋजुताची. तिला गाडीनं सोडायला आईबापांपैकी कुणीतरी यायचं, आणि बरोबर यायचे आजोबा मुरलीधर. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातून मुलाकडे येऊन राहिलेले, कानटोपी, वर मफलर, त्याच्यावर नातीनं दिलेली आणखी एक टोपी. मुरलीधरांना गोष्टी सांगायची अशी हौस, की रिंकवर पाय ठेवल्यापासून तोंडाला खंड नाही. निम्मं इंग्रजी, निम्मे हातवारे. आणि यार्मो ऐकायचा. सगळं ऐकायचा. मधे न बोलता, मान तिरकी करून, शब्दन् शब्द खरा मानून. मुरलीधरांना असा श्रोता उभ्या जन्मात मिळाला नव्हता. घरी म्हणायचे, "तो गोरा बोलत नाही, पण ऐकते मात्र असा, जसं वावर पावसाले ऐकते." निवेदिता म्हणायची, "अहो बाबा, त्यांना एक अक्षर कळत नसेल." "सगळं कळते. परवा मले विचारलं, तुमच्या मामाचा बैल सापडला का म्हणून."

ऋजुता तेरा वर्षांची झाली आणि तिची निवड राष्ट्रीय स्पर्धेसाठी होणार हे नक्की दिसायला लागलं. स्पर्धा शेफिल्डला, हिवाळ्याच्या तोंडावर. यार्मो काही बोलला नाही, पण ट्रेव्हर म्हणून बर्फ सारखा करणारं मशीन चालवणारा माणूस होता, त्यानं पाहिलं, की यार्मो दाढी रोज करायला लागलाय.

आणि त्याच सुमारास विक्रांतच्या कुणा सहकाऱ्यानं लंडनच्या बाजूच्या एका नव्या अकादमीचं नाव सांगितलं. तिथे म्हणे उडीचा व्हिडिओ काढून संगणकावर मोजतात, आहारवाला वेगळा, मानसतज्ज्ञ वेगळा. डॅनियल नावाचा तरुण कोच. विक्रांत-निवेदितानं जाऊन पाहिलं आणि त्यांना पटलं. यात काही पाप नाही. पोरीचं भलं कुणाला नको असतं? पाप असं काही नव्हतंच कुठे. फक्त एक गोष्ट करायची होती: यार्मोला सांगायचं होतं.

"तू सांग," निवेदिता म्हणाली.

"मी कसं सांगू? सहा वर्षं त्या माणसानं... तू सांग. बायकांनी सांगितलं की बरं वाटतं."

"मला नाही जमणार हं. लिंडा गेल्यापासून त्याला आपल्याशिवाय आहे कोण?"

मग विक्रांतनं फोन केला. फोन उचलला गेला आणि याच्या तोंडून आलं, "यार्मो, ऋजुताला जरा खोकला झालाय. या आठवड्यात नाही येणार."

"बरं. मग कधी?"

"पुढच्या आठवड्यापासून नक्की."

फोन ठेवून विक्रांतनं घाम पुसला. "हळूहळू कळेल त्याला," तो म्हणाला. "दोन-तीनदा असं झालं की माणूस समजतो."

आपल्याकडे समजतोच. पोरीचं स्थळ आलं आणि पसंत नसलं, तर पत्रिका जुळत नाही म्हणतात. कुणी पत्रिका उघडूनसुद्धा पाहिलेली नसते, आणि समोरचाही ते जाणतो, चहा पिऊन हसत निघून जातो. कुणाचं मन दुखावलं नाही, कुणाची मान खाली गेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. पण त्याला समोरचाही तसाच लागतो हो.

यार्मो पुढच्या आठवड्यात पहाटे पॅचवर उभा होता.

खोकल्यानंतर शाळेची परीक्षा आली. परीक्षेनंतर आत्याचं लग्न आलं नागपुरात. मग पाय मुरगळला. तिकडे ऋजुता नव्या अकादमीत रोज उड्या मारत होती, आणि इकडे यार्मो दर वेळी विचारायचा, "मग कधी?" आणि दर वेळी तेच उत्तर मिळायचं. तो ते उत्तर घेऊन बर्फावर जायचा. रिकाम्या रिंकवर कठड्याला धरून उभा राहायचा. कधी कधी दुखऱ्या कंबरेनं एक चक्कर मारायचा, तिच्या कार्यक्रमाची पावलं मोकळ्या बर्फावर मोजून बघायचा, की ती आली की कुठे वळायला सांगायचं.

ट्रेव्हर मशीन थांबवून म्हणायचा, "यार्मो, ती पोरगी येत नाही रे आता."

"तिला खोकला होता."

"तो वसंतात! आता पानं गळायला लागली."

"मग परीक्षा होती. मग लग्न. आता पाय."

"माझ्या मेव्हणीनं तिला दुसऱ्या रिंकवर पाहिलं, बाबा."

यार्मोनं यावर बराच विचार केला. "तुझ्या मेव्हणीनं दुसरी मुलगी पाहिली असेल," तो म्हणाला. "तिच्या वडिलांनी मला स्वतः सांगितलंय."

याच्यापुढे ट्रेव्हर तरी काय बोलणार? मशीन चालू करून निघून गेला.

आणि घरच्यांना जसजशी लाज वाटत गेली, तसतसे ते यार्मोशी जास्त गोड वागायला लागले. दिवाळीत निवेदितानं चकल्या, शंकरपाळे, अनारसे असा डबा भरून विक्रांतच्या हाती रिंकवर पाठवला. विक्रांतनं त्याला मिठी मारली. गाडीत येऊन बसला तेव्हा त्याला रडू येत होतं. यार्मोनं चकल्या पुरवून पुरवून खाल्ल्या आणि ट्रेव्हरला दाखवल्या. "बघ. ज्यांना यायचं नसतं ते असं करतात का?"

याच दिवसांत फिनलंडहून त्याच्या बहिणीचा, काइसूचा फोन आला. त्यांच्या गावात आता छत असलेली रिंक झाली होती आणि तिला कोच हवा होता. गावकऱ्यांनी यार्मोचंच नाव घेतलं. काइसू म्हणाली, "माझी वरची खोली रिकामी आहे. खिडकीतून तळं दिसतं. ये आता." यार्मोला जावंसं वाटलं. फार वाटलं. इतकं, की त्यानं एक दिवस मागितला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं कळवलं, "नाही येता यायचं. माझी एक विद्यार्थिनी आहे, ती पुढच्या आठवड्यात परत येतेय. तिला शेफिल्डला न्यायचंय." काइसूनं थोडे दिवस वाट पाहिली. मग ती जागा दुसऱ्या कुणा तरुण बाईला दिली गेली.

हे त्यानं मुरलीधरांना सांगितलं, आणि तेही असं, जसं आज बस उशिरा आली.

तो दिवस वेगळाच होता. मुरलीधर म्हाताऱ्यांच्या फुकटच्या बसपासावर एकटेच रिंकवर आले होते, आणि आले होते ते मनाशी पक्कं ठरवून. आदल्या दिवशी घरात त्यांनी तोंड सोडलं होतं. "अरे विक्रांत, सांगून टाक ना बापा त्या माणसाले! तो तिथं उभा राहून राह्यला रोज."

"बाबा, आता इतक्या उशिरा सांगितलं तर त्याला किती वाईट वाटेल!"

"मग मी सांगतो."

आणि ऋजुता जिन्यावरून म्हणाली होती, "हो आजोबा, प्लीज तू सांग. मी सांगते म्हटलं तर आई ओरडली मला."

तर आले. बाकावर बसले. यार्मोनं त्यांना यंत्रातलं गरम चॉकलेट आणून दिलं आणि बहिणीच्या फोनची ती गोष्ट सांगितली. मुरलीधरांना सरळ बोलायला जमेना, म्हणून त्यांनी आपल्या सवयीनं आडून सुरुवात केली. "आमच्या गावात," ते म्हणाले, "सदू नावाचा क्लॅरनेटवाला होता."

यार्मोनं मान तिरकी केली.

"लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा कुणी नाही. पण वय झालं, दात पडले, फुंक पुरेना. बँडवाल्यांनी शहरातून एक नवा पोरगा आणला. पण सदूला सांगणार कोण? कुणी सांगितलंच नाही. आणि लग्नाच्या दिवशी सदू लाल कोट घालून, पितळी बटणं घासून, क्लॅरनेट घेऊन मांडवात आला."

"मग?" यार्मो म्हणाला.

मुरलीधरांनी त्याच्याकडे पाहिलं. निळे डोळे, पोरासारखे उघडे. सदूचं पुढे काय झालं ते मुरलीधरांना चांगलं ठाऊक होतं, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो सगळं लग्न होईपर्यंत मांडवाच्या खांबाशी कोट घालून उभा होता, आणि नंतर कुणी त्याला बँडजवळ पाहिलं नाही. हेच सांगायचं होतं. याच्यासाठीच तर बस बदलून आले होते.

"मग काय!" मुरलीधर म्हणाले. "नवरीचा बाप धावत आला. म्हणाला, सदूशिवाय वरात निघणार नाही! त्या पोऱ्याला ढोल दिला आणि सदू पुढे."

यार्मो हसला. मोठ्यानं हसला, मांडीवर हात मारून. लिंडा गेल्यापासून त्याला असं हसताना रिंकवर कुणी पाहिलं नव्हतं. "चांगला माणूस, नवरीचा बाप," तो म्हणाला. मुरलीधरांनी आणखी एक गोष्ट काढली, मग आणखी एक, बस येईपर्यंत.

शेफिल्डच्या आधी यार्मोनं शेवटचा फोन केला. "पाय कसा आहे? सराव झाला नाही. पण तिला सगळं येतं. मी नेऊ तिला गाडीनं?"

"नको नको," विक्रांत घाईनं म्हणाला, "आम्ही आणतो. आता थेट शेफिल्डलाच भेटू."

"बरं. शेफिल्डला."

स्पर्धेच्या दिवशी कोच लोक नटूनथटून येतात. यार्मोनं लिंडानं घेतलेला काळा ओव्हरकोट घातला, बूट चमकवले, आगगाडी बदलत शेफिल्ड गाठलं. आणि बर्फावर जायच्या दाराशी, कठड्यालगत, जाऊन उभा राहिला. आजूबाजूला पोरी, आया, केसांच्या फवाऱ्यांचा वास. हात पुढे करायचे म्हणून त्यानं हातमोजे काढून खिशात ठेवले.

मग ऋजुता आली. निळ्या जाकिटात, पाठीवर त्या अकादमीचं नाव, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून डॅनियल. तो तिच्या कानाशी काहीतरी सारखं बोलत होता. तिची नजर यार्मोवर पडली आणि ती जागच्या जागी थांबली. मागून विक्रांत-निवेदिता आले.

"यार्मो!" विक्रांत ओरडला. असा आनंदी आवाज, की ऐकवेना. "अरे वा! तुम्ही आलात! किती छान!"

यार्मोनं जाकिटाकडे पाहिलं. डॅनियलच्या हाताकडे पाहिलं. "पाय बरा दिसतोय," तो म्हणाला.

निवेदिता पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"तुम्ही म्हणालात, इथे भेटू."

"हो, म्हणजे..." विक्रांत म्हणाला, "भेटलो ना."

यार्मोनं त्या वाक्याचा विचार केला. शब्दाला शब्द खरं होतं ते. मग तो दारापासून बाजूला झाला, डॅनियलला जायला जागा करून दिली, आणि वर प्रेक्षकांच्या बाकांकडे चढत गेला. मुरलीधर त्याच्या मागोमाग गेले. गुडघे दुखत होते तरी गेले. शेजारी बसले.

ऋजुतानं स्केटिंग सुंदर केलं. पहिल्या उडीला हात टेकला, पण पुढे असं काही केलं, की टाळ्या थांबेनात. प्रत्येक वळणात, प्रत्येक लांब सरकत्या पावलात तिच्या सहा वर्षांच्या पहाटा दिसत होत्या. शेवटची गिरकी संपली तेव्हा यार्मो उभा राहिला होता आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते. खाली दाराशी डॅनियलनं तिला मिठीत घेतलं. बाकावर बसून गुण ऐकताना डॅनियल तिच्या शेजारी होता. ती पाचवी आली. तेवढं काही लहान नाही ते.

मग ती जिने चढत वर आली. पायांत नुसते मोजे, चेहरा रडून लाल.

"यार्मो, मी खूप वेळा म्हटलं यांना. मला सांगायचं होतं." मग श्वास घेऊन म्हणाली, "मला परत तुझ्याकडे यायचंय. खरंच. सोमवारपासून. पहाटे. मी येईन."

यार्मोनं तिच्या मागे उभ्या असलेल्या आईबापांकडे पाहिलं. "हो की नाही?" त्यानं विचारलं. इतकंच.

विक्रांतनं निवेदिताकडे पाहिलं. निवेदितानं विक्रांतकडे. "बघू ना," विक्रांत म्हणाला, "घरी गेल्यावर निवांत बोलू. नक्की काहीतरी करू."

आणि तेव्हा, त्या बाकांवर, कमालीच्या गर्दीत, यार्मोला कळलं. इतक्या महिन्यांचा खोकला, परीक्षा, लग्न, पाय, चकल्या, सगळं एका ओळीत समजलं. त्याला हेही कळलं, की पोरगी खरं बोलतेय. तिला हो म्हटलं तर ती घरी भांडेल, पहाटे उठून बसेल, कुणी गाडी काढणार नाही, आणि आपण इकडे उभे, ती तिकडे. नाही म्हटलं तर तिला वाटेल, हा रागावला. ती जन्मभर मनाला लावून घेईल.

मग तो म्हणाला, "सोमवारी मी नसेन. मी फिनलंडला चाललो. माझ्या गावात रिंक झालीय. त्यांना कोच हवाय."

"खरंच?" तिचे डोळे मोठे झाले. "तुझ्या तळ्याच्या गावात?"

"हो."

"आणि तुला जायचंय? आनंद झालाय?"

"हो," यार्मो म्हणाला.

तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. रडली, हसली, फोटो पाठव म्हणाली. विक्रांतचे खांदे एकदम हलके झाले. "अरे, काँग्रॅच्युलेशन्स! काय बातमी आहे! आम्हाला बोललाच नाहीत!" निवेदिता तर डोळे पुसायला लागली. ती तिघं खाली गेली, तेव्हा त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं चालण्यातून दिसत होतं.

मुरलीधर बसून राहिले. त्या जागेवर दुसरी बाई लागून महिना झाला होता, हे त्या सगळ्या गर्दीत त्यांना एकट्याला ठाऊक होतं. "तुम्हाला कुणी शिकवलं हो हे?" त्यांनी शेवटी विचारलं.

यार्मो कोटाची बटणं लावायला लागला.

इथवर कुणाचंही होतं तसं झालं. दुसरा असता तर सोमवारी रिंकवर गेला असता, नव्या मुलांना शिकवलं असतं, कुणी विचारलंच तर म्हणाला असता की बेत बदलला. लोक बेत बदलतात. पण यार्मोच्या तोंडून एक गोष्ट निघाली होती आणि ती खरी नव्हती, आणि त्याला झोप येईना. ती दुरुस्त करायचा एकच रस्ता त्याला माहीत होता.

त्यानं घर विकायला काढलं. पॅच सोडून दिली. ट्रेव्हर कपाळावर हात मारून म्हणाला, "तिथे काम नाही तुला! पगार नाही! तू जातोस कशाला, मूर्खा?"

"मी तिला सांगितलंय," यार्मो म्हणाला.

नव्या वर्षात रीडिंग स्टेशनसमोरून तो विमानतळाच्या बसमध्ये चढला. सोडायला मुरलीधर आले होते, तेवढेच. दोघं धुक्यात उभे राहिले. मुरलीधरांनी नीट इस्त्री केलेला आपला मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "उन्हाळ्यात एकदा या. आमच्या घरी या. याल ना?"

यार्मोनं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अशा प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं ते कळेना. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो पायरीवर चढला, मागे वळला, आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मुरलीधरांना धुक्यात दिसलं नाही.